नियंत्रित गट

शहाद्याच्या स्टँडवर कंडक्टरनं दुर्बिणीचं
अर्धं तिकीट फाडलं.
"तोफ शे का काय वं माय?"
मिरच्यांचं गाठोडं मांडीवर घेतलेली बाई.
"नही वं, चंद्र दखाडानी नळी शे."
ती सरकून बसली. नळीलाही जागा झाली.
धडगावच्या घाटात, दर वळणाला,
मी तिला कवळून धरत गेले.

पीएचडीचं चौथं वर्ष. विषय लांबलचक,
पाठ म्हणताना धाप लागते:
आश्रमशाळेतील विद्यार्थ्यांच्या चंद्रकलाविषयक संकल्पना
व निरीक्षणाधारित अध्यापनाची परिणामकारकता.
शेजारणी ऐकून घेतात
आणि दुसऱ्या दिवशी मुलीची पत्रिका घेऊन येतात.

धडगावची शाळा प्रायोगिक गट.
छप्पन्न मुलं. त्यांना गच्ची, थंडी, नळी,
एका डोळ्यावर हात ठेवून किंचाळणं.
तापीकाठची शाळा नियंत्रित गट.
तिथंही छप्पन्न. त्यांना पुस्तकातला धडा
आणि फळ्यावर खडूनं काढलेला चंद्र.
दाखवायचं नाही. सुचवायचं नाही.
वर बोटसुद्धा करायचं नाही.
"गट दूषित होईल," भामरे सर म्हणाले
आणि बडीशेपेची डबी पुढं केली.

फाटकाशी एक मुलगी दर खेपेला विचारायची,
"आमच्याकडं कधी आणशाल?"
एप्रिलमध्ये, मी म्हणायचे.
ऑक्टोबरपासून मी एप्रिलमध्ये म्हणत होते.
छप्पन्न मुलांच्या डोक्यावरचा चंद्र
मी सहा महिने कुलपात ठेवला,
तुलना नीट व्हावी म्हणून.

आमश्या वसावे. इयत्ता सातवी. अमावस्येचा जन्म.
शेवटच्या चाचणीत त्यानं प्रश्न सात कोरा सोडला,
अ, ब, क, ड, कशालाच खूण नाही.
कागदाच्या पाठीवर मात्र तेवीस गोल,
कमी कमी होत गेलेले,
मध्ये काही रिकाम्या जागा, आणि त्यांत बारीक अक्षरात:
ढग. ढग. ताप. गेट बंद होतं.

"कुठून पाहिलास?"
"अंघोळीच्या रांगेतून."
मग जरा थांबून,
"तुम्ही पहिला पेपर घेतला ना, त्या सकाळीपण होता.
तुमच्या मागं. जांभळीच्या वर.
तुम्ही वळल्याच नाही."

घरी येऊन तारीख काढली. वद्य अष्टमी.
चाळीस मिनिटं मी त्याच्याकडं पाठ करून
मोठ्यानं वाचत होते:
चंद्र दिवसा दिसू शकतो का?
होय. नाही. सांगता येत नाही.
एक्कावन्न मुलांनी नाही लिहिलं होतं.
त्यांचं तोंड माझ्याकडं होतं.
तोंडं फळ्याकडं ठेवा, असं मीच सांगितलं होतं.

भामरे सर वाईट माणूस नव्हेत.
कागद बराच वेळ धरून बसले, चष्मा पुसला.
"गुण किती बसतात?"
"शून्य."
"मग वगळा. पंचावन्न धरा. तळटीप द्या."
तळटीप दिली. बारीक टाइपात, एक ओळ.
निष्कर्ष सार्थ आला, शून्य पूर्णांक शून्य एक पातळीवर.
मी त्या दिवशी पेढे वाटले, हेही सांगायला हवं.

एप्रिल. शुक्ल षष्ठी. तापीवरून आलेला
भट्टीसारखा वारा. पटांगणात नळी उभी केली,
रांग लागली. कुणी "खड्डे!" म्हणालं,
कुणी नुसतंच "ए बापरे".
ती फाटकाची मुलगी दोनदा घुसली.
आमश्या सगळ्यांत शेवटी. खूप वेळ वाकून राहिला.
"उलटा आहे."
"काय?"
"कडेचा डाग वर असतो. तुमच्या नळीत खाली गेला."

मी आरसा समजावायला लागले, किरण कसे येतात,
आणि अर्ध्या वाक्यात थांबले.
धडगावच्या छप्पन्नांत हे कुणी म्हणालं नव्हतं.
नळी माझी. मीही कधी
साध्या डोळ्यानं ताडून पाहिलं नव्हतं.

रखवालदार फाटकाशी, किल्ली हातात, मान वर.
"आठ वाजनात, मॅडम."
"दहाच मिनिटं," मी म्हटलं.
आमश्या वही आणायला पळाला होता.